पिओनीचा हट्ट सोडा, डेलिया लावा: इंदूरच्या हवेतली मोठी फुलं

पिओनी इंदूरला होते का, असं हल्ली दर थंडीत कुणी ना कुणी विचारतं. परदेशातल्या लेकी-सुना मे महिन्यात अंगणातले फोटो पाठवतात, पाकळ्यांवर पाकळ्या असलेली ती भरगच्च गुलाबी फुलं दिसतात आणि इकडे सुदामा नगरातल्या काकूंचा जीव त्या फुलांत अडकतो. सरळ सांगायचं तर होत नाही. म्हणजे कुंडीत गड्डा लावला तर कोंब फुटेल, चार पानंही येतील. पण ज्यासाठी एवढा खटाटोप करायचा ते फूल येत नाही, आणि आपल्या एप्रिल-मेनंतर गड्डाही बहुतेक उरत नाही.

कारण थंडीचं आहे. पिओनीच्या गड्ड्यावरचे डोळे जागे व्हायला आधी लांबलचक गारठा लागतो. साधारण ४-५ अंशांखालचं तापमान, आणि तेही जातीप्रमाणे ५०० ते १००० तास. इंदूरला जानेवारीतलं सरासरी किमान तापमान १० अंशांच्या आसपास असतं. शीतलहर आली की पारा ५च्या खालीही जातो, पण तो पहाटेच्या काही तासांपुरता. दहा वाजता गच्चीवर बसलात की स्वेटर काढावाच लागतो. अशा पहाटांची बेरीज करून ५०० तास भरणार कुठून? भारतात पिओनीचं खरं घर पश्चिम हिमालय. काश्मीरपासून उत्तराखंडापर्यंतच्या डोंगरात तिची एक पांढरी, एकेरी पाकळ्यांची जात आपोआप उगवते. युनानी औषधांत जो ऊदसलीब वापरतात, ते पिओनीचंच मूळ. म्हणजे पिओनी आपल्याला परकी नाही, फक्त माळव्याचं पठार तिला मानवत नाही.

फ्रिजमध्ये गड्डा ठेवून ही थंडी पुरवता येते का? तत्त्वतः येते. फुलांचा व्यापार करणारे शीतगृहात हेच करतात. पण घरच्या फ्रिजमध्ये दोन-अडीच महिने गड्डा सांभाळून तो फेब्रुवारीत बाहेर काढला, तर पुढे वाट बघत असतो मार्च. फूल धरायच्या ऐन वेळी ३५ अंशांचं ऊन. हौस म्हणून एकदा करून बघायला हरकत नाही, बाग म्हणून नको. ऑनलाइन मिळणाऱ्या 'निळ्या पिओनीच्या बियां'वर मात्र एक रुपयाही घालवू नका. निळी पिओनी असा प्रकारच नसतो, आणि खरं बी मिळालं तरी ते उगवायलाच दोन हिवाळे घेऊ शकतं. फूल त्यानंतर आणखी काही वर्षांनी. राहिला प्रश्न लेकीने बॅगेतून गड्डा आणण्याचा. २००३च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार आयात परवाना आणि तिकडचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र नसेल तर अशी लागवडीची सामग्री देशात आणता येत नाही. विमानतळावर ती जप्त होते, आणि व्हायलाच हवी. नवे रोग असेच येतात.

मग त्या आकाराचं, त्या भरगच्चपणाचं फूल इथे लावायचं तर काय लावायचं? डेलिया.

डेलियाच का

डेलिया मूळची मेक्सिकोच्या पठारी डोंगराळ भागातली. १९६३पासून ती त्या देशाचं राष्ट्रीय फूल आहे. तिथून अठराव्या शतकाच्या शेवटी ती माद्रिदच्या वनस्पती उद्यानात पोचली आणि अँडर्स डाल या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावावरून तिचं नाव पडलं. आपल्या दृष्टीने महत्त्वाचं एवढंच की तिला पिओनीसारखा गारठा सोसावा लागत नाही. दिवसा २०-२७ अंश, रात्री १०-१५ अंश, भरपूर ऊन आणि कोरडी हवा. हे वर्णन नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या इंदूरचंच आहे.

फिकट गुलाबी 'डेकोरेटिव्ह' प्रकारची डेलिया, म्हणजे रुंद पाकळ्यांचे थरावर थर असलेली, दोन हातांवरून पाहिली तर पिओनीची हौस बऱ्यापैकी भागते. जायंट जातीचं फूल २५ सेंटीमीटरच्या वर जातं. वास मात्र नाही. पिओनीला सुगंध असतो, डेलियाला नसतो. ती उणीव मान्य करूनच लावा. शिवाय पिओनीला वर्षातून दोन-तीन आठवडे बहर असतो, डेलिया इथे डिसेंबरपासून रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) निघेपर्यंत फुलत राहते.

आता एक गोष्ट, जिच्यामुळे इंदुरातल्या निम्म्या डेलिया मरतात. परदेशी व्हिडिओंमधलं वेळापत्रक आपल्यासाठी पूर्ण उलटं आहे. तिकडे मे महिन्यात कंद लावतात, ऑगस्ट-सप्टेंबरात फुलं येतात, नोव्हेंबरात हिमाने झाड काळं पडतं आणि कंद काढून थंडीपासून वाचवतात. आपल्याकडे थंडी हा फुलांचा मोसम आहे. आपल्याला कंद वाचवायचा तो उन्हाळ्याच्या भट्टीतून आणि पावसाळ्याच्या चिखलातून. फुलं आणणं सोपं आहे. कंद पुढच्या वर्षापर्यंत नेणं, तिथेच माळ्याची परीक्षा असते.

मी सणांवर हिशोब ठेवते. आषाढीच्या सुमारास कंद जागे करायचे, गणपतीत कलमं करायची, नवरात्रात मोठ्या कुंडीत हलवायची, संक्रांतीला बहर, रंगपंचमीनंतर पाणी तोडायचं. ज्या वर्षी अधिक महिना येतो त्या वर्षी कॅलेंडरच्या तारखा बघा, नाहीतर सगळं दोन-तीन आठवडे पुढे सरकतं आणि उशीर डेलियाला महागात पडतो.

उशीर का महाग पडतो

कर्कवृत्त आपल्या वर उज्जैनच्या जवळून जातं. इंदूरला डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस पावणेअकरा तासांच्या आसपास असतो. दिवस असे आखूड झाले की डेलिया आपली शक्ती पानाफांद्यांवरून काढून जमिनीखाली कंद भरण्याकडे वळवते. म्हणून नोव्हेंबरात लावलेलं रोप उंच होण्याआधीच कळी धरतं, फूल लहान येतं, आणि पाकळ्यांचे थर कमी पडून मधला पिवळा डोळा उघडा दिसतो. तीच जात, तीच कुंडी, तेच खत. पण महिनाभर आधी लावलं असतं तर फूल दीडपट झालं असतं. दिवस अजून बारा तासांच्या आसपास असतात, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात, तेव्हाच झाडाचं शरीर तयार व्हायला हवं.

माती: इथे काळी माती शत्रू आहे

माळव्याची काळी माती सोयाबीन आणि गव्हाला सोन्यासारखी. कंदाला ती मारक आहे. पाणी पडलं की फुगते, चिकट होते, निचरा बंद; वाळली की भेगा पडून मुळं तुटतात. शिवाय ती अल्कधर्मी, चुनखडीयुक्त, तर डेलियाला किंचित आम्लाकडे झुकणारी माती आवडते. म्हणून माझं मत असं: इंदुरात डेलिया जमिनीत लावूच नका. कुंडी घ्या. जागा भरपूर असेल तर जमिनीवर विटा रचून फूटभर उंच वाफा करा.

मोठ्या फुलाच्या जातीला १२ इंची कुंडी, मध्यम आणि पॉम्पॉनला, म्हणजे लहान चेंडूसारख्या गोल फुलांच्या जातीला, १० इंची. मातीची असेल तर उत्तम. मिश्रणात एक भाग बागेतली माती, एक भाग जाडी रेती आणि दोन भाग पूर्ण कुजलेलं खत. रेती बांधकामाच्या ढिगातलीच चालते, पण चाळून बारीक भुकटी काढून टाका आणि धुऊन घ्या. प्रत्येक कुंडीला मूठभर निंबोळी पेंड. हाडांचा चुरा घालायची पद्धत आहे, पण आपल्या अल्कधर्मी मातीत त्यातलं स्फुरद झाडाला फारसं मिळतच नाही. त्याऐवजी दोन चहाचे चमचे सिंगल सुपर फॉस्फेट मिसळा. छावनीत खत-बियाण्यांच्या दुकानांत सुटं मिळतं.

मिश्रण जमलं की नाही ते असं बघा. ओलसर मिश्रणाची मूठ आवळा. लाडू वळला पाहिजे, आणि अंगठ्याने हलकं टोचलं की तो फुटला पाहिजे. वळलाच नाही तर रेती जास्त झाली. टोचून नुसता खड्डा पडला तर माती जास्त. मग कुंडी भरून पाणी ओता. ते खालच्या भोकातून अर्ध्या मिनिटात गळायला लागलं तरच ती कुंडी कंदासाठी घ्या.

खताबद्दल बोलायचं तर इंदूरकरांनी खत विकत आणावं हा थोडा गमतीचाच प्रकार आहे. जगभर ज्याला 'इंदूर पद्धत' म्हणतात ती कंपोस्टची रीत इथलीच. १९२४ साली इथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री सुरू झाली, तिचे संचालक अल्बर्ट हॉवर्ड. त्यांनी आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी शेतातल्या काडीकचऱ्यापासून खत करायची ही पद्धत बसवली आणि १९३१ साली जगासमोर मांडली. त्याच जागेवर आज आपलं कृषी महाविद्यालय आहे. घरापुरती ती रीत अशी: तळाला काटक्या, त्यावर वीतभर सुका पाला आणि भाज्यांची देठं, त्यावर शेणाचा पातळ थर, वर मूठ-दोन मूठ माती. असे थर रचत निदान मीटरभर लांब, रुंद, उंच ढीग करा. त्याहून लहान ढीग तापत नाही आणि न तापलेल्या ढिगात तणाचं बी आणि रोग जिवंत राहतात. ढीग लावल्यापासून पंधरवड्याने तो पहिल्यांदा उलटा, महिन्याने दुसऱ्यांदा, दोन महिन्यांनी तिसऱ्यांदा. प्रत्येक वेळी कोरडा वाटला तर पाणी शिंपडा. तीन महिन्यांत काळं, भुसभुशीत, मातीचा वास येणारं खत तयार. मूळ पद्धतीत लाकडाची राखही घालतात. डेलियासाठी ती टाळा, आपली माती तशीच अल्कधर्मी आहे. जूनच्या सुरुवातीला ढीग लावलात तर नवरात्राच्या आधी खत हाती येतं.

कंद, कलम की बी

पहिल्या वर्षी बी लावायला हरकत नाही. सप्टेंबरात ट्रेमध्ये पेरा, आठ-दहा दिवसांत उगवतं, डिसेंबरात फुलं येतात. ही बुटकी, मिश्र रंगांची झाडं असतात. कुठला रंग येईल सांगता येत नाही, पण खर्च कमी आणि हात बसतो. मोठं, ठरावीक रंगाचं फूल हवं तर कंद किंवा मुळं फुटलेलं कलम घ्यावं लागतं. आपल्या नर्सऱ्यांत येणारी नावाची कलमं बहुतेक बंगालकडून येतात. तिकडे डेलियाचं वेड जुनं आहे. केनिया पिवळी आणि पांढरी, क्रॉयडन मास्टरपीस, ज्योत्स्ना ही नावं माळ्यांच्या तोंडी असतात. नर्सरीवाल्याला "भैया, कटिंगवाला है या बीज का?" हे विचाराच. बियांचं रोप मोठ्या जातीच्या भावात विकायचे प्रकार होतात.

कंद घेताना नीट बघा. डेलियाचे कंद एका देठाभोवती झुबक्याने लटकलेले असतात. प्रत्येक कंदाला वरच्या बाजूला एक निमुळती मान असते, आणि डोळा कंदावर नसतो, तो मान जिथे जुन्या देठाला चिकटते त्या कंगोऱ्यावर असतो. बटाट्यासारखा नुसता फुगीर कंद तोडून आणलात तर तो कुंडीत वर्षभर पडून राहील, सडणारही नाही आणि फुटणारही नाही. म्हणून झुबका वाटताना धारदार सुरीने देठ उभा चिरायचा, असा की प्रत्येक तुकड्यात निदान एक कंद, अखंड मान आणि देठाचा डोळा असलेला फाटा येईल. डोळे दिसत नसतील तर घाई करू नका. झुबका ओलसर रेतीत आठ-दहा दिवस ठेवा. बारीक गुलाबी-हिरवट टोकं वर आली की मग चिरा. मान मोडून लोंबकळणारे कंद फेकून द्या. चिरलेल्या जागी बुरशीनाशक पूड किंवा हळद लावून एक दिवस सावलीत सुकू द्या.

पण खरं सांगायचं तर जुने माळी कंद सरळ लावत नाहीत, त्यावरून कलमं काढतात. कलमाचं झाड जोमदार येतं आणि एका कंदावरून पाच-सात झाडं होतात. आषाढीनंतर कंद उथळ कुंडीत रेती-खतात असा बसवा की देठाकडचा भाग मातीच्या वर उघडा राहील. पाणी बेताचं, जागा छपराखाली. कोंब बोटभर, म्हणजे ७-८ सेंटीमीटर झाले आणि त्यांना पानांच्या दोन-तीन जोड्या आल्या की ब्लेडने कापा, पण कंदाला लागून नाही. खाली एक पेर ठेवा, तिथून पुन्हा कोंब येतात. कापलेलं टोक डोळ्यांसमोर धरा. आतून भरीव, पांढरट असेल तर मुळं धरेल. पोकळ नळी दिसली तर ते कलम कितीही टवटवीत दिसलं तरी टाकून द्या, ते सडणारच.

खालची पानं काढा, टोक मुळं फुटायच्या पुडीत (रूटिंग हार्मोन) हलकं बुडवा, जादा पूड झटका आणि धुतलेल्या जाड रेतीत दीड इंच खोवा. ट्रे हिरव्या जाळीखाली, पाऊस थेट लागणार नाही असा. दिवसातून दोन-तीनदा फवाऱ्याने पानं ओली करा. रेती ओलसर हवी, चिंब नको. दोन ते तीन आठवड्यांत मुळं येतात. खात्री करायला कलम उपटून बघू नका, पान धरून हलकेच वर ओढा. अडकल्यासारखं वाटलं की झालं. मग ४ इंची कुंडी, ती मुळांनी भरली की १२ इंची. मधे एक ८ इंचीची पायरी घेतली तर आणखी चांगलं. लहान रोप एकदम मोठ्या कुंडीत गेलं की न वापरलेली ओली माती आंबते.

मोठ्या कुंडीत गेल्यावर

काठी आधी रोवा, रोप नंतर. झाड वाढल्यावर काठी खुपसली तर ती कंदातून आरपार जाते आणि ते तुम्हाला एप्रिलमध्ये कळतं. साडेतीन-चार फुटांची बांबूची काठी, सुतळी आठच्या आकड्यासारखी गुंडाळून सैल बांधायची. डेलियाचा देठ पोकळ असतो, फूल जड. डिसेंबरात मावठा झाला, फूल पाण्याने भरलं की न बांधलेली फांदी पेरापाशी कट्कन मोडते.

जागा निदान सहा तास उन्हाची. पूर्वेची किंवा दक्षिणेची गच्ची उत्तम. घराच्या उत्तर बाजूला हिवाळ्यात ऊनच पोचत नाही, तिथे फक्त पानं वाढतील.

रोपाला पानांच्या तीन-चार जोड्या झाल्या की शेंडा खुडा. हात आखडतो, मला ठाऊक आहे. पण न खुडलेलं झाड एक काठी होऊन वर जातं आणि एक फूल देऊन संपतं. खुडल्यावर बगलेतून चार-सहा फांद्या येतात. जायंट जातीच्या तीन-चारच ठेवा, मध्यम जातीच्या सहा, बाकी कोवळ्या असतानाच मोडा. हे काम ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत उरका.

मग येतात कळ्या. प्रत्येक फांदीच्या टोकाला तीन कळ्यांचा गुच्छ असतो, मधली मोठी आणि दोन बाजूच्या. वाटाण्याएवढ्या झाल्या की बाजूच्या दोन्ही नखाने काढा, आणि त्याखालच्या दोन पानांच्या बगलेतले फुटवेही काढा. प्रदर्शनात दिसतं ते ताटाएवढं फूल यानेच येतं. प्रदर्शन करायचं नसेल तर माझा सल्ला उलटा आहे: जायंटच्या कळ्या काढा, पण पॉम्पॉन आणि बॉल जातींच्या तशाच राहू द्या. घरात चार दिवस आड फुलदाणी भरायची तर एका राक्षसी फुलापेक्षा आठ मध्यम फुलं बरी.

पाण्याबाबत नियम सोपा: बोट पहिल्या पेरापर्यंत मातीत घाला, कोरडं लागलं तरच द्या. थंडीत एक-दोन दिवसांआड पुरतं. नळाला येणारं नर्मदेचं पाणी डेलियाला चांगलं मानवतं. बोरिंगचं पाणी बऱ्याच कॉलन्यांत जड असतं. कुंडीच्या कडेला पांढरी पापडी धरायला लागली की समजा आणि वरची बोटभर माती बदला. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येत असेल तर डेलियासाठी एक बादली राखून ठेवा. पाणी सकाळी, मातीत, पानांवर नको.

खत पातळ द्या, थोडं थोडं. पाव किलो मोहरीची पेंड, दुकानात सरसोंची खली म्हणून मिळते ती, पाच लिटर पाण्यात आठवडाभर झाकून ठेवा. वास इतका येतो की शेजारच्या वहिनी विचारायला येतील. गाळून दहापट पाणी घालून दर पंधरा दिवसांनी कुंडीला अर्धा लिटर. कळ्या दिसू लागल्या की नत्र, म्हणजे हे पेंडीचं पाणी, कमी करा आणि दोन वेळा पोटॅश द्या. ०:०:५० या नावाने मिळतं, लिटरला दोन ग्रॅम. कळीला रंग दिसला की खत बंद. युरिया तर कधीच नको, झाड पालेभाजीसारखं माजतं आणि देठ लुळे पडतात.

रोग-किडी, थोडक्यात

नोव्हेंबरात मावा आणि फुलकिडे. लिटरभर पाण्याला ५ मिली निंबोळी तेल, त्यात थोडं साबणाचं पाणी, संध्याकाळी फवारा, आठवड्याने पुन्हा. जानेवारीत पानांवर पिठासारखी भुरी येते: पाण्यात विरघळणारं ८० टक्के गंधक, लिटरला दोन ग्रॅम. निंबोळी तेल आणि गंधक यांच्यात निदान दोन आठवड्यांचं अंतर ठेवा, नाहीतर पानं भाजतात. फेब्रुवारीच्या शेवटी हवा कोरडी झाली की पानामागे लाल कोळी. पानं तांबूस, जाळी धरलेली दिसतात. आधी जोरदार पाण्याने पानांची खालची बाजू धुवा.

पानांवर पिवळ्या-हिरव्या रेषांची नक्षी, झाड खुरटलेलं, पानं वेडीवाकडी, असं दिसलं तर तो विषाणू. औषध नाही. झाड कंदासकट काढून टाका, कंपोस्टात नको. कलमं करतानाचं ब्लेड प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पुसायचं ते यासाठीच.

फूल कापताना

गुलाबासारखी अर्धी उमललेली डेलिया कापली तर ती तशीच राहते, फुलदाणीत उमलत नाही. तीन चतुर्थांश ते पूर्ण उघडलेलं फूल घ्या. मागच्या बाजूच्या पाकळ्यांना बोट लावून बघा. कडक असतील तर ताजं, लुसलुशीत झाल्या असतील तर ते झाडावरच राहू द्या. सकाळी लवकर, लांब देठ ठेवून कापा आणि लगेच देठाचं टोक गरम पाण्यात, बोट टिकणार नाही पण उकळतंही नाही अशा, बुडवा आणि पाणी आपोआप गार होऊ द्या. मग फुलदाणीत. चार-पाच दिवस टिकतात. वाळलेली फुलं झाडावर ठेवू नका, बी धरलं की पुढच्या कळ्या थांबतात.

उन्हाळा आणि पावसाळा

इथे लोक चुकतात. मार्चमध्ये फुलं संपली की झाड 'अजून हिरवं आहे' म्हणून पाणी चालू ठेवतात आणि मेमध्ये कंद उकडून निघतो. रंगपंचमीनंतर पाणी हळूहळू तोडा. दोन-तीन आठवड्यांत पानं पिवळी पडतील. देठ मातीपासून वीतभर ठेवून कापा. पोकळ देठात पाणी साचून कंदाचं डोकं सडतं, म्हणून कंद काढणार असाल तर माती झटकून तो दोन-तीन दिवस सावलीत उलटा टांगा, देठातलं सगळं पाणी निथळू द्या. धुवायची गरज नाही.

ठेवायचं कुठे? गच्चीवरच्या खोलीत तर नाहीच. मे महिन्यात इंदूरला ४० च्या वर पारा जातो आणि वरच्या मजल्यावरची भिंत रात्रीही तापलेली असते. तळमजल्यावरची उत्तरेकडची खोली, जिन्याखालची जागा, जुन्या वाड्यात राहत असाल तर कोठीची खोली. माठात कोरडी रेती किंवा नारळाचा भुसा, त्यात कंद एकमेकांना न लागतील असे. महिन्यातून एकदा उघडा. सुरकुतलेला दिसला तर भुशावर हलका शिपका मारा. मऊ, पाणचट लागला किंवा वास आला तर सडका भाग कापून चांगला भाग वेगळा ठेवा.

नवख्यांनी हे सगळं करूच नये असं मला वाटतं. कंद कुंडीतच राहू द्या. देठ कापा, कुंडी सावलीत आडवी करून ठेवा, पंधरा-वीस दिवसांनी एक कपभर पाणी. हातात घेतलेच नाहीत तर माना मोडायचा प्रश्नच येत नाही, आणि मातीच्या कुंडीतली माती कंदाला बऱ्यापैकी गार ठेवते.

जूनमध्ये पहिला पाऊस पडला, मातीचा वास सुटला की कुंड्या उघड्यावर काढायचा मोह होतो. आवरा. निजलेला कंद त्या पाण्यात आठवडाभरात सडतो. छपराखालीच ठेवा, आषाढीच्या सुमारास स्वतःहून कोंब दिसू लागतील तेव्हा नवी माती द्या, आणि मग कलमं सुरू.

या सगळ्या हलवाहलवीत कुठला कंद कुठल्या रंगाचा हे हटकून विसरायला होतं, आणि निजलेले कंद सगळे सारखेच दिसतात. म्हणून फूल झाडावर असतानाच जातीचं नाव, रंग आणि उंची जाड प्लास्टिकच्या पट्टीवर शिसपेन्सिलीने लिहून ती तारेने देठालाच बांधा. कुंडीत खोचलेली पट्टी कुंडी बदलताना हरवते, आणि मार्करची शाई इंदूरच्या एका उन्हाळ्यात पांढरी होते.